कुलूप बदलले, किल्ली जुनीच!

प्रतिनिधी, पुणे

सर्व्हर सुरू असतो, इंटरनेटची जोडणी व्यवस्थित असते, शेजारच्या संगणकावर तेच संकेतस्थळ विनासायास उघडते. आणि तरीही एखादे सॉफ्टवेअर मॉड्यूल उतरवून घेण्याची आज्ञा दिली की पडद्यावर पिवळ्या अक्षरांत सूचना उमटते. ‘पॅकेजचा स्रोत सापडत नाही, इंटरनेट जोडणी तपासा,’ असा तिचा मथितार्थ असतो. जोडणी तपासली जाते, फायरवॉलची चौकशी होते, नेटवर्क विभागाला दूरध्वनी जातात. तासन् तास खर्ची पडतात आणि दोष कुठेच सापडत नाही. कारण दोष जोडणीत नसतोच. तो त्या यंत्रात वर्षानुवर्षे न बदललेल्या एका सेटिंगमध्ये असतो.

एप्रिल २०२० मध्ये ‘मायक्रोसॉफ्ट’ने आपल्या ‘पॉवरशेल गॅलरी’ या मॉड्यूल भांडारासाठी ‘टीएलएस १.०’ आणि ‘टीएलएस १.१’ या जुन्या एन्क्रिप्शन प्रोटोकॉलचा आधार काढून घेतला. तेव्हापासून हा अनुभव जगभरातील अनेक संगणक व्यवस्थापकांना येत आला आहे, आणि जुन्या सर्व्हरवर तो आजही येतो. प्रश्न वरकरणी तांत्रिक आणि किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात मात्र सुरक्षेसाठी बदललेल्या नियमांचा भार कोणावर पडतो, तो पेलण्याची तयारी कोणाकडे असते आणि तयारी नसलेले लोक कोणत्या पळवाटा शोधतात, या मोठ्या प्रश्नांची ती एक छोटी खिडकी आहे.

नेमके घडते काय?

दोन संगणक इंटरनेटवरून सुरक्षित संवाद साधतात तेव्हा प्रत्यक्ष माहितीची देवघेव सुरू होण्यापूर्वी त्यांच्यात एक प्रकारची बोलणी होते. ‘मला अमुक आवृत्तीपर्यंतचा प्रोटोकॉल येतो,’ असे मागणी करणारा संगणक सांगतो. समोरचा सर्व्हर त्यातून आपल्याला मान्य असलेली आवृत्ती निवडतो आणि मग दोघे मिळून गुप्त किल्ली ठरवतात. मागणी करणाऱ्याला जास्तीत जास्त ‘टीएलएस १.०’ येत असेल आणि सर्व्हर ‘टीएलएस १.२’ पेक्षा खाली यायला तयार नसेल, तर बोलणी तिथेच फिसकटते. एक अक्षरही पुढे सरकत नाही.

यात खरी गंमत, किंबहुना खरी अडचण, पुढे आहे. ‘विंडोज सर्व्हर २०१६’ सारख्या प्रणालीला ‘टीएलएस १.२’ उत्तम येते. त्या यंत्रावरील ब्राउझर आधुनिक संकेतस्थळे उघडून दाखवतो तो त्याच बळावर. परंतु त्याच यंत्रावरील ‘विंडोज पॉवरशेल’ हे ‘डॉट नेट फ्रेमवर्क’ या पायावर उभे आहे. या फ्रेमवर्कच्या जुन्या आवृत्त्यांसाठी तयार झालेले प्रोग्रॅम, कोणी वेगळे सांगितले नाही, तर ‘एसएसएल ३.०’ आणि ‘टीएलएस १.०’ एवढ्याच भाषा वापरतात. म्हणजे घरात नवी भाषा येणारा माणूस आहे, पण दारात उभ्या असलेल्या चोपदाराला मात्र जुन्याच भाषेत बोलण्याचा हुकूम आहे. ‘विंडोज ७’ आणि ‘विंडोज सर्व्हर २००८ आर २’ यांची स्थिती आणखी बिकट. त्यांच्यात ‘टीएलएस १.२’ समाविष्ट होते, पण मूळ सेटिंगमध्ये ते बंद ठेवलेले होते. ‘विंडोज एक्सपी’ला तर ते कधी मिळालेच नाही.

हा केवळ ‘मायक्रोसॉफ्ट’च्या घरातील प्रश्न आहे, असे समजण्याचे कारण नाही. जावा भाषेच्या सातव्या आवृत्तीला ‘टीएलएस १.२’ ठाऊक होते, परंतु मागणी करताना ती ‘टीएलएस १.०’च पुढे करीत असे. त्यामुळे जून २०१८ मध्ये ‘मेव्हन सेंट्रल’ या जावा ग्रंथालयांच्या भांडाराने जुने प्रोटोकॉल बंद करताच या आवृत्तीवर अवलंबून असलेल्यांची कामे अडली. त्याच वर्षी पायथन भाषेच्या ‘पायपीआय’ या भांडारानेही तोच निर्णय घेतला. तेव्हा ‘अॅपल’च्या जुन्या ‘मॅकओएस’ आवृत्त्यांसोबत येणारे पायथन ‘ओपनएसएसएल’च्या इतक्या जुन्या आवृत्तीवर उभे होते, की त्यातील ‘पिप’ या साधनाला नवी आवृत्ती उतरवून स्वतःला सुधारून घेणेही शक्य नव्हते. ‘गिटहब’ने फेब्रुवारी २०१८ मध्ये, तर जावास्क्रिप्टच्या ‘एनपीएम’ या भांडाराने ऑक्टोबर २०२१ मध्ये हेच पाऊल उचलले. भांडारे निरनिराळी, भाषा निरनिराळ्या. आजार मात्र एकच.

पंचवीस वर्षांचा प्रवास

हा निर्णय भांडारांनी लहर लागली म्हणून घेतला काय? इतिहास तसे सांगत नाही. ‘नेटस्केप’ कंपनीने १९९५ मध्ये ‘एसएसएल २.०’ आणि १९९६ मध्ये ‘एसएसएल ३.०’ जगापुढे आणले. इंटरनेटवरील खरेदी-विक्री नुकतीच सुरू होत होती आणि क्रेडिट कार्डाचा क्रमांक उघड्यावरून पाठवायचा कसा, हा प्रश्न होता. पुढे इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या ‘आयईटीएफ’ या संस्थेने हे काम हाती घेतले आणि जानेवारी १९९९ मध्ये ‘टीएलएस १.०’ प्रसिद्ध झाले. २००६ मध्ये ‘१.१’, ऑगस्ट २००८ मध्ये ‘१.२’ आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ‘१.३’ अशी ही मालिका आहे. थोडक्यात, ज्या ‘टीएलएस १.२’ अभावी आज मॉड्यूल उतरत नाही, ते २००८ पासून उपलब्ध आहे.

या काळात जुन्या आवृत्त्यांचे दोष एकेक करून बाहेर आले. २०११ मध्ये थाय डुओंग आणि हुलियानो रिझ्झो या संशोधकांनी ‘बीस्ट’ हा हल्ला दाखवून ‘टीएलएस १.०’ मधील एका जुन्या कमकुवतपणाचा प्रत्यक्ष वापर करता येतो, हे सिद्ध केले. ऑक्टोबर २०१४ मध्ये ‘गूगल’च्या संशोधकांनी ‘पूडल’ हा हल्ला उघड केला आणि ‘एसएसएल ३.०’ची सद्दी संपली. पुढच्याच वर्षी ‘आयईटीएफ’ने ते अधिकृतपणे निषिद्ध ठरवले. ‘टीएलएस १.०’ आणि ‘१.१’ ज्या ‘एमडी ५’ आणि ‘शा-१’ या गणिती पद्धतींवर विसंबून होते, त्यांपैकी दुसरीचीही फसवणूक करता येते हे फेब्रुवारी २०१७ मध्ये अॅमस्टरडॅमची ‘सीडब्ल्यूआय’ ही संशोधनसंस्था आणि ‘गूगल’ यांनी मिळून दाखवले. मार्च २०२१ मध्ये ‘आयईटीएफ’ने या दोन्ही आवृत्त्यांना अधिकृत निरोप दिला.

व्यवहारातही दट्ट्या होताच. कार्ड व्यवहारांची सुरक्षा मानके ठरवणाऱ्या ‘पीसीआय’ परिषदेने ‘एसएसएल’ आणि सुरुवातीचे ‘टीएलएस’ सोडण्यासाठी प्रथम जून २०१६ ही मुदत दिली होती. ती पेलत नाही असे दिसल्यावर ३० जून २०१८ पर्यंत वाढवली. ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘अॅपल’, ‘गूगल’, ‘मायक्रोसॉफ्ट’ आणि ‘मोझिला’ या एरवी एकमेकांच्या स्पर्धक असलेल्या चौघांनी आपल्या ब्राउझरमधून २०२० मध्ये जुन्या आवृत्त्या हटवण्याची घोषणा एकाच वेळी केली. दीड वर्षाची पूर्वसूचना देऊनही ऐनवेळी काय घडले, हे पाहण्यासारखे आहे. मार्च २०२० मध्ये ‘फायरफॉक्स’ने ही दारे बंद केली आणि करोनाविषयक माहिती देणारी काही सरकारी संकेतस्थळे जुन्याच प्रोटोकॉलवर चालत असल्याने ती तात्पुरती पुन्हा उघडावी लागली. संकटकाळात ज्या माहितीची सर्वाधिक गरज होती, तीच सर्वांत जुन्या कुलपामागे अडकली होती.

आकड्यांनी झाकलेले वास्तव

ब्राउझर कंपन्यांनी हा निर्णय घेतला तेव्हा त्यांच्याकडे आकडेवारी होती. ‘क्रोम’मधून होणाऱ्या सुरक्षित जोडण्यांपैकी जुन्या आवृत्त्यांचा वाटा सुमारे ०.५ टक्के एवढाच होता. एवढ्या थोड्यांसाठी सर्वांची सुरक्षा पणाला लावायची कशाला, हा युक्तिवाद बिनतोड होता. परंतु हा आकडा ब्राउझरचा आहे, हे विसरून चालणार नाही. ब्राउझर आपोआप अद्ययावत होतो; माणूस रोज त्याच्यासमोर बसतो आणि काही बिघडले की लगेच ओरडतो. दुसरीकडे, रात्री दोन वाजता आपोआप सुरू होणारी आज्ञावली, महिन्यातून एकदा अहवाल काढणारा प्रोग्रॅम, कपाटाआड ठेवलेला आणि ‘चालतो आहे ना, मग हात लावू नका’ या तत्त्वावर जगणारा सर्व्हर यांच्यासमोर कोणीही बसलेले नसते. यंत्रे यंत्रांशी बोलतात त्या जगात जुन्या सेटिंगचे आयुष्य कितीतरी मोठे असते. भांडारांनी दारे लावली तेव्हा आदळआपट झाली ती या जगात.

‘जुने ते सुरक्षित’ हा समज पसरण्यालाही एक कारण घडले होते. एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ हा गाजलेला दोष उघडकीस आला, तो ‘ओपनएसएसएल’च्या १.०.१ या मालिकेत. ‘टीएलएस १.२’ची सोय आणणारी मालिका हीच. त्याआधीच्या ०.९.८ या मालिकेला हा दोष नव्हता. ज्यांनी वर्षानुवर्षे अद्ययावत केले नव्हते ते त्या वेळी सहीसलामत सुटले आणि ज्यांनी केले होते त्यांची धावपळ उडाली. त्यातून अनेकांनी चुकीचा धडा घेतला असल्यास नवल नाही. एका दोषापासून योगायोगाने बचावणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे, हे त्यांना उमगेपर्यंत भांडारांची दारे बंद झालेली होती.

दिशाभूल करणारी सूचना

या साऱ्या प्रकरणात सर्वाधिक वेळ वाया जातो तो चुकीच्या निदानात. सुरक्षित जोडणीची बोलणी फिसकटली, हे सर्वांत खालच्या थराला कळते. तो थर ‘जोडणी झाली नाही’ एवढेच वर कळवतो. त्याच्या वरचा थर ‘भांडार सापडले नाही’ असा त्याचा अर्थ लावतो आणि सर्वांत वरचा थर वापरणाऱ्याला ‘इंटरनेट तपासा’ असे सांगून मोकळा होतो. प्रत्येक थराने आपल्यापुरते खरेच सांगितलेले असते. पण शेवटी हाती पडते ते असत्य. त्यात भर म्हणजे नवे मॉड्यूल उतरवण्यासाठी आधी ‘न्यूगेट’ नावाचे साहाय्यक साधन लागते आणि तेही त्याच बंद दारामागे असते. त्यामुळे ‘असे साधन अस्तित्वात नाही’ अशी आणखी एक चकवणारी सूचना समोर येते.

निदान करायचे कसे? मार्ग सरळ आहे. त्याच यंत्रावरील ब्राउझरमध्ये भांडाराचे संकेतस्थळ उघडून पाहावे. ते उघडत असेल आणि पॉवरशेलमधून मात्र जोडणी होत नसेल, तर संशय प्रोटोकॉलवर घ्यावा. त्यानंतर ‘सर्व्हिसपॉइंटमॅनेजर’ या वर्गाचा ‘सिक्युरिटीप्रोटोकॉल’ हा गुणधर्म पॉवरशेलमध्ये वाचून पाहावा. उत्तरात केवळ ‘एसएसएल ३’ आणि ‘टीएलएस’ अशी नावे आली, तर रोग सापडला म्हणून समजावे. ‘सिस्टिम डीफॉल्ट’ असे उत्तर आले, तर निर्णय ऑपरेटिंग सिस्टिमवर सोपवलेला आहे आणि तपास तिथे करायचा आहे. अर्थात प्रत्येक तापाला हिवताप म्हणता येत नाही. कार्यालयातील प्रॉक्सी, सुरक्षित वाहतूक मध्येच उघडून तपासणारी फायरवॉल, चुकीची वेळ दाखवणारे घड्याळ किंवा कालबाह्य मूळ प्रमाणपत्रे यांचीही लक्षणे अशीच दिसतात. ३० सप्टेंबर २०२१ रोजी ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था ज्यावर विसंबून होती, त्या एका जुन्या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली आणि अनेक जुन्या उपकरणांची सुरक्षित जोडणी एका दिवसात बंद पडली. तिथे प्रोटोकॉलचा दोष नव्हता. म्हणून निदान आधी, औषध नंतर, हाच क्रम हवा.

एका ओळीचा उपाय आणि त्याच्या मर्यादा

निदान पक्के झाले की तात्पुरता उपाय एका ओळीचा आहे. वर उल्लेखिलेल्या ‘सिक्युरिटीप्रोटोकॉल’ या गुणधर्माला ‘टीएलएस १.२’ ही किंमत द्यायची आणि मॉड्यूल उतरवण्याची आज्ञा पुन्हा द्यायची. बहुतेक वेळा काम तत्काळ होते. परंतु ही दुरुस्ती पॉवरशेलची ती खिडकी उघडी असेपर्यंतच टिकते. खिडकी बंद केली की यंत्र आपल्या मूळ पदावर. त्यामुळे रात्री आपोआप चालणाऱ्या आज्ञावलीला तिचा काहीच उपयोग होत नाही.

मग अनेक जण ती ओळ प्रत्येक आज्ञावलीच्या डोक्यावर चिकटवून ठेवतात. इथे दूरदृष्टीचा प्रश्न येतो. ‘फक्त १.२ वापर’ असे ठणकावून सांगितलेला प्रोग्रॅम १.३ उपलब्ध असले तरी ते वापरणार नाही, आणि उद्या भांडारांनी १.२ बंद केले तर तोच प्रोग्रॅम पुन्हा त्याच दारात अडखळेल. म्हणजे आजचा उपाय हीच उद्याची कालबाह्य सेटिंग. ही ओळ लिहायचीच असेल, तर आधीच्या यादीत १.२ची भर घालणारी लिहावी, बाकी सारे पुसून टाकणारी नव्हे. प्रोग्रॅममध्ये प्रोटोकॉलची आवृत्ती ठोकून बसवू नये, तो निर्णय ऑपरेटिंग सिस्टिमवर सोपवावा, असे ‘मायक्रोसॉफ्ट’चे स्वतःचेही मार्गदर्शन आहे.

टिकाऊ उपाय विंडोजच्या ‘रजिस्ट्री’त आहे. ‘डॉट नेट फ्रेमवर्क’च्या चौथ्या आवृत्तीच्या नोंदीखाली ‘एससीएच-यूज-स्ट्राँग-क्रिप्टो’ आणि ‘सिस्टिम-डीफॉल्ट-टीएलएस-व्हर्जन्स’ या दोन किमती १ कराव्या लागतात. चौसष्ट बिटांच्या यंत्रात ही नोंद दोन ठिकाणी असते. एक चौसष्ट बिटांच्या प्रोग्रॅमसाठी आणि दुसरी बत्तीस बिटांच्या. एकच बदलली तर ‘एका खिडकीत चालते, दुसरीत चालत नाही’ असा नवा घोळ निर्माण होतो. बदलानंतर पॉवरशेल बंद करून पुन्हा सुरू करणे आवश्यक असते. ‘विंडोज ७’ किंवा ‘सर्व्हर २००८ आर २’ असेल, तर त्याआधी ‘एस-चॅनल’ या घटकाच्या नोंदीत ‘टीएलएस १.२’ मुळातूनच सुरू करावे लागते आणि यंत्र पुन्हा सुरू करावे लागते. मार्च २०२० मध्ये आलेल्या ‘पॉवरशेल ७’चा पर्यायही आहे, ते नव्या ‘डॉट नेट’वर उभे असल्याने ऑपरेटिंग सिस्टिमची सेटिंग मानते. ज्या यंत्राला इंटरनेट द्यायचेच नाही, तिथे दुसऱ्या अद्ययावत संगणकावर मॉड्यूल साठवून, तपासून, मग पेन ड्राइव्हने नेणे हा जुना पण खात्रीचा मार्ग आहे.

धोक्याची पळवाट

खरी चिंता उपाय माहीत नसलेल्यांची नाही. चुकीचा उपाय सापडलेल्यांची आहे. काम अडले आहे, वरिष्ठ दर दहा मिनिटांनी विचारणा करीत आहेत आणि कोणीतरी सुचवते, ‘प्रमाणपत्राची तपासणीच बंद करा’, ‘सुरक्षित जोडणीऐवजी साधी वापरा’, ‘कुठल्यातरी दुसऱ्या ठिकाणाहून फाइल उतरवून घ्या’. तपासणी बंद केल्याने प्रोटोकॉलचा तिढा मुळात सुटतच नाही. तरीही प्रयोग म्हणून ती बंद केली जाते आणि पुन्हा सुरू करण्याचे कोणाच्या ध्यानात राहत नाही.

इथे काय पणाला लागले आहे, हे नीट समजून घेतले पाहिजे. मॉड्यूल म्हणजे वाचायचा मजकूर नव्हे. तो यंत्रावर चालणारा प्रोग्रॅम असतो आणि बऱ्याचदा व्यवस्थापकाच्या सर्वाधिकारांनिशी चालतो. ‘पॉवरशेल गॅलरी’वरील प्रत्येक मॉड्यूलवर त्याच्या लेखकाची डिजिटल स्वाक्षरी असतेच असे नाही. तेव्हा आलेले मॉड्यूल भांडारातूनच आले आहे आणि वाटेत कोणी त्यात फेरफार केलेला नाही, याची मुख्य हमी ही सुरक्षित जोडणीच देते. बँकेच्या संकेतस्थळावर एन्क्रिप्शन असते ते प्रामुख्याने गुप्ततेसाठी. मॉड्यूलच्या बाबतीत ते असते खरेपणासाठी. ती हमी काढून टाकणे म्हणजे घरपोच आलेल्या औषधाच्या बाटलीचे सील फुटलेले असतानाही ते रुग्णाला पाजण्यासारखे आहे.

यातील विरोधाभास असा, की ज्या यंत्रांची सुरक्षा सर्वांत दुबळी, त्यांनाच सुरक्षेची साधने उतरवता येत नाहीत. दोष शोधणारी, अद्ययावतीकरण तपासणारी, नोंदी गोळा करणारी कितीतरी साधने आज मॉड्यूलच्या रूपातच मिळतात. जुनी सेटिंग त्यांची वाट अडवते आणि मग ते यंत्र आणखी मागे पडते. भांडारांनी दार लावले ते योग्यच केले. पण दाराबाहेर उभे राहिलेल्यांमध्ये सर्वाधिक संख्या गरजूंची असते, हेही तितकेच खरे.

आपल्याकडील चित्र

पुणे आणि मुंबईच्या वाचकांना हा विषय परका वाटू नये. हिंजवडी, खराडी किंवा ऐरोलीतील अनेक कंपन्यांचा व्यवसायच मुळी परदेशी ग्राहकांचे सर्व्हर दूरवरून सांभाळण्याचा आहे. ते सर्व्हर जुने ठेवायचे की बदलायचे, हा निर्णय ग्राहकाचा. मात्र रात्रपाळीत बिघाड झाला की उत्तर द्यायचे ते इथल्या अभियंत्याने. रजिस्ट्रीतील एक किंमत बदलायची तरी ग्राहकाची लेखी परवानगी लागते. उलट ती एक ओळ त्या वेळेपुरती चालवायला कोणाची फारशी हरकत नसते. तात्पुरत्या उपायांचे आयुष्य का वाढते, याचे एक उत्तर या कार्यपद्धतीत आहे.

लहान कार्यालयांची कथा वेगळी. तिथे संगणक म्हणजे एकदा घेतला की दहा वर्षे चालवायची वस्तू, आणि त्यात गैर काही नाही. पैसे झाडाला लागत नाहीत. बड्या संस्थाही याला अपवाद नाहीत. ‘विंडोज एक्सपी’चा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला होता. तरीही त्यानंतर चार वर्षांनी, जून २०१८ मध्ये, रिझर्व्ह बँकेला परिपत्रक काढून ‘एक्सपी’ आणि तत्सम आधार संपलेल्या प्रणालींवर चालणारी एटीएम यंत्रे टप्प्याटप्प्याने, जून २०१९ पर्यंत अद्ययावत करण्याची मुदत बँकांना द्यावी लागली. त्या परिपत्रकाने प्रत्येक तिमाहीला किती टक्के काम पूर्ण व्हावे, हेही ठरवून दिले होते. ‘लवकरात लवकर करावे’ एवढ्यावर भागत नाही, हे त्यामागचे शहाणपण.

केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये दिलेल्या निर्देशांत संगणकांची घड्याळे ठरावीक स्रोतांशी जुळवून घेणे आणि १८० दिवसांच्या नोंदी जपणे बंधनकारक केले. वरकरणी याचा प्रोटोकॉलशी संबंध नाही. पण प्रमाणपत्राची मुदत घड्याळावरूनच तपासली जाते आणि कोणता प्रोग्रॅम जुन्या प्रोटोकॉलने बोलतो आहे, हे शोधायचे तर नोंदीच कामाला येतात. आपल्याकडे कोणती यंत्रे आहेत, त्यांवर काय चालते आणि ते कोणत्या आवृत्तीचे आहे, याची साधी यादी असलेल्या कार्यालयाला भांडारांच्या घोषणेने धक्का बसत नाही. यादी नसलेल्याला प्रत्येक घोषणा अपघातासारखी भासते.

मुदतीपूर्वी दार ठोठावणे

दोष केवळ वापरणाऱ्यांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. जुन्या प्रोटोकॉलवर ठेवलेली मूळ सेटिंग उत्पादकांची होती. दिशाभूल करणारी सूचनाही त्यांचीच. पुढे पुढे भांडारांनी एक चांगली पद्धत रूढ केली. अंतिम मुदतीच्या आधी काही मिनिटांसाठी किंवा तासांसाठी जुना प्रोटोकॉल मुद्दाम बंद करून पाहायचा. ‘गिटहब’ने फेब्रुवारी २०१८ मध्ये असेच केले. ज्यांनी घोषणा वाचलेली नसते, त्यांनाही या अल्पकाळच्या अडथळ्याने जाग येते आणि तयारीला अवधी मिळतो. आपल्याकडील सरकारी आणि आर्थिक सेवांनी असे बदल करताना ही पद्धत अवश्य अंगीकारावी. त्याचबरोबर ‘जोडणी झाली नाही’ एवढेच न सांगता ‘तुमचा प्रोटोकॉल जुना आहे’ असे स्पष्ट सांगणारी सूचना देणे, हे उत्पादकांचे कर्तव्य मानले गेले पाहिजे. तेवढ्या एका वाक्याने असंख्य तास वाचले असते.

पुढचा काळ याहून वेगवान आहे. संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने घटवत मार्च २०२९ पर्यंत ४७ दिवसांवर आणण्याचा निर्णय प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर कंपन्या यांच्या संयुक्त मंचाने एप्रिल २०२५ मध्ये घेतला आहे. क्वांटम संगणकांपुढे टिकाव धरणाऱ्या नव्या कूटपद्धतींची पहिली मानके अमेरिकेच्या ‘निस्ट’ या संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केली आहेत. म्हणजे कुलपे पुन्हा बदलणार, हे ठरलेले आहे. ‘विंडोज १०’चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, ज्या ‘सर्व्हर २०१६’वर ही पिवळी सूचना हमखास दिसते, त्याचा आधार जानेवारी २०२७ पर्यंतच आहे.

अशा वेळी संस्थांनी स्वतःला विचारायचा प्रश्न ‘मॉड्यूल कसे उतरवायचे’ एवढाच नाही. तो प्रश्न एका ओळीत सुटतो. आपली यंत्रे कोणत्या जुन्या हुकमावर चालली आहेत, तो हुकूम कोणी आणि केव्हा दिला होता, आणि तो बदलण्याचा अधिकार आज नेमका कोणाकडे आहे, या प्रश्नांची उत्तरे ज्या कार्यालयात लेखी स्वरूपात असतील, तिथे पुढचे दार बंद होण्यापूर्वीच नवी किल्ली तयार असेल. बाकीच्यांना तोवर इंटरनेटची जोडणी तपासत बसावे लागेल.